डिसअफेक्शन: एका शब्दापायी दीड वर्ष

आजचा एपिसोड एका इंग्रजी शब्दावर. त्याच्या अर्थापायी आपल्या रत्नागिरीचा एक माणूस तुरुंगात गेला.

आधी एक प्रश्न. मित्राचा फोटो तुम्ही लाईक केला नाहीत, म्हणजे तो तुम्हाला आवडला नाही का? तसंच काही नाही. कदाचित नुसते बघून पुढे गेला असाल. आम्हा कोडिंगवाल्यांना हे पहिल्याच वर्षी कळतं: शून्य वेगळं, उणे एक वेगळं.

आता कोर्टात चला. १८७० साली इंडियन पीनल कोडमध्ये कलम १२४-अ आलं. सरकारविषयी 'डिसअफेक्शन', म्हणजे अप्रीती पसरवणं हा गुन्हा ठरला. पण अफेक्शन म्हणजे जिव्हाळा. मग 'डिस' लावल्यावर काय? जिव्हाळा नसणं की उघड वैर?

१८९७ साली पुण्यात प्लेग होता आणि सरकारी सक्तीवर लोक चिडलेले होते. १५ जूनच्या 'केसरी'त शिवाजी उत्सवाविषयी मजकूर आला. २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. जुलैमध्ये टिळकांना अटक झाली. हो, १८५६ साली आपल्या रत्नागिरीत जन्मलेले टिळक. टिळक आळीतलं ते घर आजही आहे.

मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला अर्थ सांगितला: डिसअफेक्शन म्हणजे अफेक्शनचा अभाव. द्वेष, वैर, तिरस्कार, सगळं त्यात आलं. भावना किती तीव्र, दंगा झाला की नाही, याने फरक पडत नाही. म्हणजे शून्यसुद्धा गुन्हाच! शिवाय लेख मराठीत आणि खटला इंग्रजीत, त्यामुळे सगळी भिस्त भाषांतरावर. सहा युरोपियन ज्युरर म्हणाले दोषी, तीन भारतीय म्हणाले निर्दोष. शिक्षा झाली अठरा महिने सक्तमजुरीची.

पुढच्याच वर्षी कायदा बदलला. डिसअफेक्शनमध्ये राजद्रोही वृत्ती आणि शत्रुत्वाच्या सर्व भावना येतात, असं स्पष्टीकरण जोडलं. १९०८ साली याच कलमाखाली टिळकांना सहा वर्षं मंडालेला पाठवलं.

स्वातंत्र्यानंतरही कलम राहिलं. १९६२ साली केदारनाथ सिंह खटल्यात सुप्रीम कोर्टाने त्याला लगाम घातला: हिंसेला किंवा अशांततेला चिथावणी असेल तरच गुन्हा. नुसती टीका चालेल, कडक असली तरी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १५२ मध्ये डिसअफेक्शन हा शब्दच नाही. पण 'विघातक कारवाया' असे नवे शब्द आहेत, आणि त्यांचा अर्थही शेवटी कोर्टातच लागणार. तेव्हा कुठलाही नवा कायदा आला की बातमीच्या मथळ्यावर थांबू नका. त्यातले शब्द एकदा स्वतः वाचा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. आणि हो, लाईक नाही केलंत तरी मी डिसलाईक धरणार नाही!