पोथीचें शुद्धलेखन

तांबड्या शाईनें मुलांचें शुद्धलेखन तपासण्यांत माझी हयात गेली. म्हणून आज सांगणार आहें तो थोडासा कबुलीजबाबच आहे.

आमच्या लकडगंजांतील एका लांकडाच्या वखारीचे वृद्ध मालक माझे स्नेही आहेत. त्यांनीं एकदां घरचें कुराण उघडून मला 'सलात' हा शब्द दाखविला. उच्चारांत 'आ', आणि अक्षर मात्र 'वाव'! 'रहमान' या शब्दांत तर 'आ'चा अलिफ नाहींच. माथ्यावर एक बारीक उभी रेघ, तिला 'खडा जबर' म्हणतात. मी सहज बोलून गेलों, "हाजीसाहेब, हें दुरुस्त कां करीत नाहींत?" ते हंसून म्हणाले, "गुरुजी, दुरुस्त करणारे आम्ही कोण?"

खलिफा उस्मान (इ. स. 644 ते 656) यांनीं प्रमाण प्रती लिहवून मोठमोठ्या शहरीं धाडल्या, असें परंपरा सांगते. त्या काळच्या अरबी लेखनांत स्वरचिन्हें नव्हतीं, नुक्तेही क्वचितच. बर्मिंगहॅम येथें जपलेल्या दोन पानांचें चर्मपत्र 568 ते 645 या काळांतील ठरलें आहे. त्यांवरही असाच अक्षरांचा सांगाडा दिसतो. पाठ मुखोद्गत असे, म्हणून निभावत असे. पुढें अरबेतर लोक वाचूं लागले आणि चुका होऊं लागल्या. तेव्हां पंडितांनीं मूळ अक्षरांस हात लावला नाहीं. वर-खालीं खुणा केल्या, त्याही आरंभीं निराळ्या रंगाच्या शाईनें! मूळ कोणतें आणि मदत कोणती, हें डोळ्यांनाच कळावें. आंदलुसियांतील अद्दानी (मृत्यु 1053) यांनीं कोणता शब्द कसा लिहावा यावर ग्रंथच रचला, आणि 1924 सालीं कैरोस छापलेली प्रत याच परंपरेस धरून आहे.

आपल्याकडे काय झालें? ज्ञानेश्वरी शके 1212 ची. नकलणारे आपापल्या काळची भाषा तींत मिसळीत गेले. शके 1506 मध्यें एकनाथांस पाठ शुद्ध करावा लागला, आणि यापुढें कोणी पदरची ओवी घालूं नये असें बजावावें लागलें. 1909 सालीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली. ती एकनाथपूर्व आहे असें त्यांचें म्हणणें. त्यावर वाद पुष्कळ झाले. परंतु 'प्रकाशु', 'गणेशु' यांतील अन्त्य 'उ' हा अपभ्रंश भाषेचा अवशेष आहे. असलीं रूपें पोथींत टिकलीं, म्हणूनच त्यांना ज्ञानेश्वरींतील मराठीचें व्याकरण लिहितां आलें. एखाद्या माझ्यासारख्या मास्तरानें तो 'उ' खोडला असता तर?

माझ्या हातांतील कागदावर 'तें', 'केलें' यांच्या माथ्यांवर टिंबें आहेत. तीं आपणांस ऐकूं येणार नाहींत. 1962 च्या नियमांनीं तीं गेलीं. मुलांची सोय झाली, माझी तक्रार नाहीं. पण नव्या लेखनांत सोडलेलें टिंब जुन्या पोथींतूनही पुसावें काय?

मीं तेंच केलें. तरुणपणीं घरच्या एका पोथीची नक्कल केली. जेथें जेथें 'चूक' दिसली, तेथें ती सुधारली. मोठ्या अभिमानानें वडिलांस दाखविली. पुढें मूळ पोथी वाळवीनें खाल्ली. माझी प्रत आहे. अक्षर सुवाच्य आहे. मूळ लेखनिकानें काय लिहिलें होतें, हें तीवरून कळण्यास मार्ग नाहीं.

हाजीसाहेबांस ती मीं अद्याप दाखविलेली नाहीं.