तंजावरचा राजवाडा आणि मराठीचे बिऱ्हाड

मराठी नाटकाचा इतिहास शिकवताना आपण विष्णुदास भावे यांच्या १८४३ सालच्या ‘सीतास्वयंवर’पासून आरंभ करतो. तंजावरचे नाव आलेच तर तळटीपेत. असे का व्हावे, याचे एक उत्तर तंजावरच्या राजवाड्याच्या बांधणीत सापडते, असे आम्हांला वाटते.

राजवाडा म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे शनिवारवाडा येतो : दगडी जोते, वर विटांचे काम, लाकडी सुरूदार खांब. तंजावरला हे भेटत नाही. तेथील मूळ वास्तू नायक राजांची, सोळाव्या-सतराव्या शतकांतली. वीट आणि चुना, त्यावर गिलावा, जाडजूड खांबांवर पेललेल्या कमानी आणि गोपुरासारखा थराथरांनी निमुळता होत गेलेला उंच मनोरा. संगीत महालही नायकांचाच. १६७३ मध्ये विजयराघव नायक लढाईत पडला आणि १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे गादीवर आले. भोसल्यांनी जुने पाडून आपल्या नावाची नवी राजधानी उठवली नाही. ते नायकांच्याच वास्तूत राहायला गेले आणि गरजेप्रमाणे भर घालत राहिले. रंगवलेल्या कमानींचा, अंगणाकडे उघडा असलेला मराठा दरबार त्याच आवारात आहे.

साहित्यातही हेच घडले. तेलुगू ही नायक दरबाराची साहित्यभाषा. नव्या राजांनी तिला निरोप दिला नाही. शहाजीराजांनी (कारकीर्द १६८४–१७१२) तेलुगूत ‘पल्लकी सेवा प्रबंधमु’ रचले आणि मराठीत ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ लिहिले, तेही दाक्षिणात्य यक्षगानाच्या साच्यात. पुढे सरफोजीराजांनी (१७९८–१८३२) ‘देवेंद्र कुरवंजी’त त्याहून नवल केले. कुरवंजी हा भविष्य सांगणाऱ्या डोंगरकन्येचा तमिळ नाट्यप्रकार. सरफोजींनी तिच्या तोंडी मराठीतून चक्क जगाचा भूगोल घातला! मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली वाढलेल्या राजालाच हे सुचावे.

खांब नायकांचे आणि वस्ती मराठ्यांची, तसा साचा दक्षिणेचा आणि भाषा आपली. ‘शुद्ध’ मराठी परंपरा शोधणाऱ्या अभ्यासकाला दोन्ही परकी वाटली. आमच्या मते हा दोष वास्तूचा नाही, मोजपट्टीचा आहे.

१८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी पुत्राविना वारले आणि कंपनीने राजपद संपवले. त्याच आवारातला सरस्वती महाल ग्रंथसंग्रह १९१८ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. तेथे मराठी हस्तलिखिते तीन हजारांच्या आसपास आहेत, शिवाय मोडी दप्तरे वेगळीच. १८८० मध्ये पूर्ण झालेली ए. सी. बर्नेल यांची प्रसिद्ध सूची मात्र संस्कृत पोथ्यांची होती; मराठी पोथ्या तिच्या कक्षेबाहेरच राहिल्या.