गाडीतून झालेली वाय-फायची शिरगणती

घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टात जाऊन लायसन काढावं लागायचं, त्याची फी भरावी लागायची. तुमच्यातल्या साठी ओलांडलेल्यांना हे नक्की आठवत असेल. ऐंशीच्या दशकात ते लायसन गेलं. त्या काळी घरं फक्त ऐकायची आणि बोलायची ती आकाशवाणी. आज भिंतीवर वाय-फायचा डबा लावलेलं प्रत्येक घर स्वतःच एक छोटं प्रक्षेपण केंद्र झालं आहे. आपल्यासारख्या सामुदायिक केंद्राचा ट्रान्समीटर ५० वॅटचा असतो. घरातल्या राउटरचा जोर साधारण एक दशांश वॅट. पण काम तेच, आणि तेही परवान्याशिवाय, रात्रंदिवस. आज आम्ही सांगणार आहोत ती या घरगुती केंद्रांची पहिली मोजणी कुणी आणि कशी केली त्याची हकीकत.

आधी या डब्याची सवय समजून घेऊ. आपण कार्यक्रमाच्या सुरुवातीला केंद्राचं नाव सांगतो ना, तसं राउटर आपलं नाव सांगत असतो, सेकंदाला सुमारे दहा वेळा. त्याबरोबर कारखान्यात मिळालेला स्वतःचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांकही सांगतो. घरातल्या मोबाइलला तो सापडावा म्हणून हे पुकारणं. पण लहरींना आपली भिंत कळत नाही. त्या खिडकीतून, दारातून, विटांतूनसुद्धा रस्त्यावर जातात.

हे वाय-फाय आलं कसं, यावर एक गोष्ट हल्ली फार फिरते. हॉलिवूडची नटी हेडी लामार हिनं वाय-फायचा शोध लावला म्हणतात. ८ मार्चच्या आसपास तर हटकून. खरी गोष्ट थोडी वेगळी आहे. व्हिएन्नात जन्मलेल्या हेडीनं संगीतकार जॉर्ज अँथाइलबरोबर १९४२ साली अमेरिकेत एक पेटंट मिळवलं. पाण्याखालच्या टॉर्पेडोला रेडिओनं दिशा द्यायची, पण शत्रूला तो संदेश बिघडवता येऊ नये म्हणून दोन्हीकडची लहर एकाच वेळी भराभर बदलत ठेवायची, अशी ती कल्पना. पियानोच्या पट्ट्यांइतक्या, म्हणजे ८८ लहरी त्यांनी धरल्या होत्या. नौदलानं ती तेव्हा बाजूला ठेवली. १९९७ साली वायरलेस नेटवर्कचं पहिलं प्रमाणक ठरलं, त्यात लहर बदलत राहण्याची पद्धत एक पर्याय म्हणून होती. १९९९ साली घराघरांत गेलेल्या वाय-फायनं मात्र ती घेतली नाही. हेडीचं श्रेय मोठंच आहे. ते फुगवून सांगायची गरज नाही, असं आम्हाला वाटतं.

त्या १९९९ च्या वाय-फायला कुलूपही होतं, ‘वेप’ नावाचं. पण ते लावायचं की नाही हे घेणाऱ्यावर सोडलेलं, आणि डबा दुकानातून यायचा तो कुलूप उघडंच ठेवून. २००१ च्या उन्हाळ्यात फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी तर ते कुलूप मुळातच कच्चं असल्याचं गणितानं दाखवून दिलं.

याच सुमाराला कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात पीटर शिपली नावाचा संगणक-सुरक्षेतला जाणकार गाडीत लॅपटॉप ठेवून, अँटेना लावून रस्तोरस्ती फिरू लागला. लॅपटॉपला जीपीएस जोडलेलं. वाटेत ज्या नेटवर्कचं पुकारणं ऐकू येईल त्याचं नाव आणि जागा आपोआप नोंदली जायची. जुलै २००१ मध्ये लास व्हेगासच्या डेफकॉन मेळाव्यात त्यानं हे सगळं मांडलं. या उद्योगाला नाव पडलं वॉरड्रायव्हिंग. यातल्या ‘वॉर’चा लढाईशी संबंध नाही. १९८३ च्या ‘वॉरगेम्स’ सिनेमातला शाळकरी मुलगा ओळीनं सगळे फोन नंबर फिरवून कुठे संगणक उचलतो का ते बघतो, त्यावरून आधी ‘वॉरडायलिंग’ शब्द निघाला, आणि मग त्याला चाकं लागली.

हौशी लोकांना तर मेवाच मिळाला. मॅरियस मिलनर यानं ‘नेटस्टंबलर’ हा प्रोग्राम फुकट दिला. तो गाडीत चालू ठेवला की झालं. ‘विगल’ नावाचा सामाईक नकाशा २००१ मध्येच सुरू झाला, जो तो आपल्या फेरीतल्या नोंदी त्यात टाकू लागला. आज त्यात १०० कोटींहून जास्त नेटवर्क आहेत.

या मंडळींची साधनं ऐकून तुम्हाला मजा वाटेल, कारण ती आली स्वयंपाकघरातून. रॉब फ्लिकेंजर यानं २००१ मध्ये प्रिंगल्स वेफर्सच्या नळकांड्यात आटे पाडलेली सळई आणि वॉशर बसवून अँटेना केला. बीबीसीच्या बातमीदारासमोर तसलं नळकांडं घेऊन लंडनच्या बँकांच्या भागात अर्ध्या तासाची फेरी मारली, तर साठाच्या आसपास नेटवर्क सापडली. पुढे लोकांनी मोजून पाहिलं तेव्हा कळलं की त्यापेक्षा रुंद पत्र्याचा डबा बरा. त्याचं कारण सोपं आहे. वाय-फायची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब असते, आणि डबा सव्वासात सेंटिमीटरहून अरुंद असेल तर ती आत शिरतच नाही. न्यूझीलंडमध्ये स्टॅन स्वान या प्राध्यापकांनी त्याहून गंमत केली. तळणातले पदार्थ निथळायला वापरतात तो जाळीचा मोठा झारा घेतला आणि त्याच्या मधोमध संगणकाला लावायची यूएसबी कांडी धरली. झाऱ्याचा वाडगेपणा लहरी एका जागी गोळा करतो आणि नेटवर्क काही किलोमीटरवरून पकडता येतं. आपला झारा चपटा असतो, त्यानं जमणार नाही. कढई चालेल.

आपल्याकडे असली हौस लॅमिंग्टन रोडवर नाही तर पुण्याच्या तापकीर गल्लीत सुटे भाग शोधण्यात जायची. पण घराबाहेर वाय-फाय वापरायला परवानगी नव्हती. जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारनं २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा सगळ्यांना मोकळा केला. त्याच सुमारास धरमशालेच्या डोंगरात तिबेटी शाळा आणि संस्था जोडणारं वायरलेस जाळं उभं राहिलं. तिथे अँटेनांवर माकडं लोंबकळायची, ही त्यांची मोठी डोकेदुखी!

तर मोजणीतून काय निघालं? २००२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात हौशी लोकांनी ठरवून एकाच आठवड्यात पहिली जागतिक फेरी केली. ९ हजारांवर नेटवर्क सापडली, त्यातली सुमारे ७० टक्के कुलपाविना. २००४ च्या फेरीत आकडा २ लाख २८ हजारांवर गेला, तरी ६० टक्क्यांहून जास्त उघडीच. यातल्या बहुतेकांचा नियम एकच होता, नाव ऐकायचं, आत जायचं नाही. दारावरची पाटी वाचणं आणि कडी काढून आत शिरणं यात फरक आहेच. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ सुद्धा विनापरवानगी आत जाण्याला हरकत घेतं.

पण पाटी वाचणाऱ्यांच्या मागून आत शिरणारेही आले. अमेरिकेतल्या टीजेएक्स या दुकानांच्या साखळीत चोर शिरले ते त्याच कच्च्या वेप कुलपातून. २००७ मध्ये कंपनीनं सांगितलेला चोरीला गेलेल्या कार्डांचा आकडा होता साडेचार कोटींवर.

आपल्या महाराष्ट्राला हे कळलं ते फार वाईट रीतीनं. २६ जुलै २००८. अहमदाबादमध्ये ओळीनं स्फोट झाले, ५६ माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला होता. तपास त्या मेलच्या मागावर पोचला तो नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका सदनिकेत. तिथे एक अमेरिकन कुटुंब भाड्यानं राहत होतं. घरात वाय-फाय होतं, आणि ते सुरक्षित केलेलं नव्हतं. पोलिसांनी संगणक नेले, घरमालकाची नव्हे, त्या भाडेकरूची कसून चौकशी झाली, त्यांचं नाव जगभरच्या बातम्यांत आलं. त्यांचा काही संबंध नव्हता. कुणीतरी इमारतीच्या आसपास थांबून त्यांच्या वाय-फायवरून मेल पाठवून निघून गेलं होतं. पुढचा मेल ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या एका कॉलेजच्या नेटवर्कवरून गेला. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले तेव्हाचा मेल चेंबूरच्या एका कंपनीच्या नेटवर्कवरून. तीनही वेळा पोलीस ज्या दारात पोचले ते दार निरपराध माणसांचं होतं. आपण त्या सानपाड्याच्या घरातल्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून पाहावं. दुपारी दार वाजतं, बाहेर पोलीस, आणि विचारतात, हा मेल तुमच्या घरातून कसा गेला? काय सांगणार?

मग जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनीच जाहीर केलं की त्यांची पथकं लॅपटॉप घेऊन शहरात फिरतील, उघडी वाय-फाय शोधतील आणि मालकाला नोटीस देतील. म्हणजे शिपलीनं बर्कलीत हौसेनं केलं, ते इथे खाकी वर्दीत सुरू झालं. फेब्रुवारीत दूरसंचार विभागानं इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनाही ग्राहकांची वाय-फाय सुरक्षित करण्याबाबत सूचना दिल्या.

आता कुलूप बहुतेक घरांत असतं. २००४ पासून आलेलं ‘डब्ल्यूपीए-टू’ बरंच पक्कं आहे. आमच्या पाहण्यात दुसरीच गंमत येते. जोडणीवाला मुलगा पासवर्ड म्हणून घरच्यांचाच मोबाइल नंबर टाकून जातो आणि वाय-फायचं नाव ठेवतो आडनाव आणि सदनिका क्रमांक. कुलूप लावलं, पण किल्लीचा नमुना पाटीवरच कोरला, अशातली गत.

आणि शिरगणती थांबलेली नाही, ती फक्त हौशींकडून कंपन्यांकडे गेली. गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूच्या गाड्या रस्त्यांचे फोटो काढत फिरत होत्या, त्या वाय-फायही नोंदत होत्या. मे २०१० मध्ये गूगलनं कबूल केलं की नावांबरोबर उघड्या नेटवर्कांवरून जाणाऱ्या मजकुराचे तुकडेही त्यांनी गोळा केले होते, तीसहून जास्त देशांत. आज तर गाडीसुद्धा लागत नाही. आपल्या पर्समधला मोबाइलच चालता चालता आसपासचे राउटर ऐकतो आणि कंपनीला कळवतो. त्या नोंदींवरूनच नकाशावर आपला निळा ठिपका बंद इमारतीतही जागेवर दिसतो.

२०२४ मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की ॲपलच्या या यंत्रणेला विचारत गेलं तर वर्षभरात २०० कोटींहून जास्त राउटरांच्या जागा कळू शकतात. आता यात आपल्या बायकांसाठी काय आहे ते बघा. सुरुवातीला सांगितलेला तो बारा अक्षर-अंकांचा क्रमांक पासवर्ड बदलून बदलत नाही, वाय-फायचं नाव बदलूनही बदलत नाही. मारझोडीला कंटाळून एखादी बाई नवऱ्याचं घर सोडते आणि मुलांच्या अभ्यासाला लागेल म्हणून राउटर बरोबर नेते. तो क्रमांक नवऱ्याकडे जुन्या खोक्यावर छापलेला असतो. नव्या पत्त्यावर डबा सुरू झाला की काही दिवसांत नोंदीतली त्याची जागा बदलते.

नोंदीतून बाहेर राहायचा एक मार्ग आहे. वाय-फायच्या नावाच्या शेवटी इंग्रजीत अंडरस्कोअर आणि त्याला लागून ‘नोमॅप’ असं लिहायचं. गूगल २०११ पासून ते मानतं, ॲपल मार्च २०२४ पासून. पण घर सोडून निघालेल्या बाईनं डबा तिथेच ठेवावा. नवा राउटर हजार-बाराशेत मिळतो.