वकिलाची निवड (महाराष्ट्र आणि गोवा)

वकिलाची निवड : आपले काम कोणत्या कायद्यात बसते आणि ते कोणत्या न्यायालयात किंवा कचेरीत निकाली निघणार हे ओळखून, तिथे नियमित उभा राहणारा सनदधारक वकील शोधणे व त्याच्याशी काम आणि फी ठरवणे. बहुतेक अशील हा क्रम उलटा लावतात. आधी मेहुण्याच्या ओळखीचा वकील पक्का होतो, मग त्याला विचारून कोर्ट. घराजवळचा वकील सोयीचा असतो खरा, पण उपयोगी पडतो तो कोर्टाजवळचा. ही दोन ठिकाणे एकच असतीलच असे नाही.

शेतजमिनीच्या वादात हा फरक सर्वांत महाग पडतो. वडिलांच्या निधनानंतर एका भावाने वारसनोंद करून घेतली आणि बहिणींची नावे सातबाऱ्यावर आलीच नाहीत, ही गोष्ट महाराष्ट्रात गावोगाव घडते. फेरफार रद्द करायचा तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २४७ खाली प्रांताकडे अपील जाते. वाटप मात्र दिवाणी न्यायालयाकडूनच मागावे लागते, कारण महसुली नोंद मालकी ठरवत नाही. पहिले काम तहसील आणि प्रांत कचेरीत रोज फिरणारा वकील चांगले करतो. त्याला मंडळ अधिकाऱ्याचा शेरा वाचता येतो, जुन्या फेरफारांचे नंबर कुठे सापडतील हे ठाऊक असते. दुसरे काम दिवाणी वकिलाचे. फक्त पहिल्यालाच गाठणारे कुटुंब फेरफाराच्या अपिलात वर्षे घालवते आणि दिवाणी दाव्याची मुदत मागच्या मागे सरत राहते. याच्या नेमके उलटही होते. शेजाऱ्याने शेताची वहिवाटीची वाट अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे सहा महिन्यांच्या आत दाद मागता येते. हा जुना कायदा ज्याच्या हातात रोज नसतो, तो वकील सवयीने मनाई हुकुमाचा दावा लावतो.

न वटलेल्या धनादेशाचे ठिकाण तर आणखी फसवे. धनादेश खात्यात वटवण्यासाठी भरला असेल, तर पैसे घेणाऱ्याचे खाते ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयात फिर्याद होते. २०१५ च्या दुरुस्तीने हे पक्के केले. लातूरच्या व्यापाऱ्याने पुण्याच्या पुरवठादाराला धनादेश दिला आणि पुरवठादाराचे खाते पुण्यातच असेल, तर समन्स पुण्याहून येते आणि हजेरीला पुण्याचा वकील लागतो. फिर्याद करणाऱ्यासाठी मुदतीही आखूड आहेत. बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, पैसे देण्यासाठी समोरच्याला १५ दिवस आणि ते उलटल्यावर एका महिन्यात फिर्याद. ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणणारा वकील या कामाला चालत नाही, मग तो कितीही नामांकित असो.

मुंबईत एकाच शहरात अनेक न्यायालये आणि प्रत्येकाची वकीलमंडळी निराळी. भाडेकरू आणि लिव्ह-लायसन्सचे वाद रकमेचा विचार न करता लघुवाद न्यायालयात जातात, कौटुंबिक खटले वांद्र्याला, सोसायटीच्या कारभाराचे बरेच तंटे सहकार न्यायालयात, तर बिल्डरविरुद्धच्या तक्रारी २०१७ पासून महारेराकडे. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत पूर्वी सॉलिसिटरने कागद करायचे आणि कौन्सिलने उभे राहून बोलायचे अशी सक्तीची विभागणी होती. १९७६ च्या दुरुस्तीने सक्ती गेली, पण पद्धत अजून टिकून आहे. त्यामुळे मोठ्या व्यापारी दाव्यात अशिलापुढे दोन बिले येतात. यात फसवणूक नाही, फक्त आधी कोणी सांगितलेले नसते.

अपिलाचा वकील निराळाच शोधावा लागतो. मुंबई उच्च न्यायालय १८६२ मध्ये स्थापन झाले आणि पुढे नागपूर, औरंगाबाद व पणजी येथे खंडपीठे आली. दक्षिण महाराष्ट्राला मात्र मुंबईच गाठावी लागे. सिंधुदुर्गातल्या माणसासाठी याचा अर्थ रात्रीचा प्रवास, लॉजचे भाडे आणि कधीच न पाहिलेला वकील. कोल्हापूरच्या वकिलांनी कित्येक दशके चालवलेल्या आंदोलनानंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथे सर्किट बेंच सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत आले. ‘हायकोर्टाचा वकील म्हणजे मुंबईचा’ हे या भागातले गणित त्या दिवशी बदलले. तरी जिल्हा न्यायालयात साक्षीपुरावे उत्तम चालवणारा वकील रिट याचिकेतही तसाच चालेल, हे गृहीत धरू नये. जिल्हा न्यायालयात उलटतपासाची हातोटी लागते. उच्च न्यायालयात लागते ती निवाडे हाताशी ठेवून इंग्रजीत थोडक्यात मांडण्याची. महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेपासून मराठी आहे, आणि अशिलाला आपल्या दाव्याचा कागद वाचून समजतो तो याच पातळीवर.

गोव्यात गणित आणखी वेगळे. तिथे वारसा आणि वैवाहिक मालमत्ता पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतून आलेल्या कायद्याने चालते. लग्नानंतर पतिपत्नीची मालमत्ता सामाईक होणे हा तिथला सर्वसाधारण नियम, आणि मृत्यूनंतरची वाटणी ‘इन्व्हेंटरी’ या स्वतंत्र कार्यवाहीत होते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की गोव्याचा अधिवासी असलेल्या व्यक्तीच्या गोव्याबाहेरील मिळकतीच्या वारशालाही हाच कायदा लागू होतो. म्हणजे म्हापशाच्या गृहस्थाचा पुण्यातला फ्लॅटसुद्धा गोव्याच्या कायद्याने वाटला जातो. अधिवक्ता अधिनियम, १९६१ चे कलम ३० हे जून २०११ पासून अमलात आल्याने भारतात सनद मिळवलेला कोणताही वकील देशभर काम करू शकतो. पण मुभा असणे निराळे आणि इन्व्हेंटरीचे कागद आयुष्यात कधी हाताळलेले असणे निराळे. अशा कामाला म्हापसा, मडगाव किंवा पणजीचाच वकील पाहावा.

शोधायचे कसे, हा पुढचा प्रश्न. भारतात वकिलाला जाहिरात करता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ ने ती बंदी घातली असून २००८ च्या दुरुस्तीने संकेतस्थळावर नाव, पत्ता, दूरध्वनी, सनद क्रमांक, पात्रता आणि कामाचे क्षेत्र एवढेच देण्याची मुभा ठेवली आहे. ‘खात्रीशीर जामीन’ किंवा ‘शंभर टक्के निकाल’ अशी पाटी दिसली, तर तो माणूस निदान एक नियम तरी पाळत नाही हे उघड आहे. कोर्टाच्या आवारात, पोलिस ठाण्याबाहेर किंवा रुग्णालयात गिऱ्हाईक गाठून वकिलाकडे नेणाऱ्या दलालांविरुद्ध अधिवक्ता अधिनियमात कलम ४५ क घातले गेले. ते ३० सप्टेंबर २०२४ पासून लागू असून न्यायालयाने दलाल म्हणून जाहीर केलेल्या व्यक्तीने काम चालू ठेवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कलम योग्यच आहे, दंडाची रक्कम मात्र हसू आणणारी.

सनद पाहण्यात संकोच नसावा. महाराष्ट्र व गोव्याची बार कौन्सिल एकच आहे आणि तिच्या सनदेवर ‘एमएएच’, मग क्रमांक आणि वर्ष असते. वर्षावरून अनुभवाचा अंदाज येतो. २००९-१० पासून पदवीधर झालेल्यांना अखिल भारतीय बार परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. यापेक्षा उपयुक्त माहिती ई-कोर्ट्सच्या सरकारी ॲपवर मिळते. तिथे जिल्हा आणि न्यायालय निवडून वकिलाच्या नावाने शोध घेता येतो. एखाद्या नावापुढे मोटार अपघाताचे बरेच दावे आणि वाटपाचा एखादाच दिसला, तर वाटपाच्या अशिलाला हवे ते कळले. प्रत्येक खटल्याला १६ अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. तो टाकला की मागच्या तारखांना काय झाले हे समजते.

त्याहून खरी परीक्षा कोर्टातच होते. सकाळी अकराच्या सुमारास कोणीही न्यायालयाच्या मागच्या बाकावर जाऊन बसू शकतो. बाहेर दिवसाचा बोर्ड लागलेला असतो, शिपाई पुकारा करतो. ज्याच्याकडे जायचा विचार आहे तो वकील पुकाऱ्याला स्वतः उभा राहतो, की ज्युनिअर उठून ‘सर दुसऱ्या कोर्टात आहेत, तारीख मिळावी’ म्हणतो? साक्षीदारापुढे कागद ठेवताना त्याला निशाणी क्रमांक सापडतो, की कारकून फाइल चाळत बसतो? एखाद्या तारखेवरून कोणालाच तोलू नये, कारण चांगल्या वकिलालाही एका वेळी दोन कोर्टांत उभे राहता येत नाही. पण दोन-तीन सकाळी तेच घडले, तर पुढे रोजनाम्यात काय लिहिले जाणार याचा अंदाज येतो.

नावाजलेला वकील आणि अनुकूल निकाल यांचा संबंध लोक समजतात तेवढा सरळ नाही. लोकमान्य टिळक स्वतः कायद्याचे पदवीधर होते. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात त्यांच्यासाठी कलकत्त्याहून बॅरिस्टर प्यू आले आणि शिक्षा झाली दीड वर्षांची. १९०८ मध्ये टिळकांनी आपली बाजू स्वतः मांडली आणि सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला गेले. १८९७ मध्ये त्यांना जामीन मिळवून देणारे दिनशा दावर १९०८ मध्ये न्यायाधीशाच्या खुर्चीत होते. १९१६ मध्ये पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने टिळकांकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला, तेव्हा बॅरिस्टर जिनांनी बाजू मांडली आणि उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. जिनांचे कौशल्य निर्विवाद, पण आधीचे दोन्ही खटले ज्यूरीपुढे होते आणि तिसऱ्यात प्रश्न एका हुकुमाच्या कायदेशीरपणाचा होता. वकील तोच असता तरी तिन्ही निकाल सारखे लागले असते, असे म्हणता येत नाही.

फीचे सरकारी दरपत्रक नाही. तालुक्याच्या ठिकाणी ठोक रक्कम किंवा तारखेगणिक पैसे अशा दोन्ही पद्धती आहेत. नोटीस, टायपिंग, नकला आणि कोर्ट फी यांचा हिशेब वेगळा असतो. तो पहिल्याच भेटीत विचारावा आणि दिलेल्या पैशांची पावती घ्यावी. एक गोष्ट मात्र नियमातच बसत नाही, ती म्हणजे मिळणाऱ्या रकमेतली टक्केवारी. मोटार अपघाताच्या दाव्यांत ‘आता काही देऊ नका, भरपाई आली की पाहू’ ही भाषा ऐकू येते. बार कौन्सिलचा नियम २० अशा टक्केवारीला मनाई करतो आणि तेलंगणातील अशाच एका वादात २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टक्केवारीची फी सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवली. हातावर पोट असणाऱ्या कुटुंबाला ही सोय मोलाची वाटते, हेही तितकेच खरे. त्यांच्यासाठी कायद्याने ठेवलेला रस्ता वेगळा आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत आहे.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुका समिती मोफत वकील देतात. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही, इतरांना महाराष्ट्रात वार्षिक तीन लाख रुपयांची मर्यादा आहे. पोटगी मागणारी शिक्षिका पगारदार असली तरी अर्ज करू शकते. फौजदारी खटल्यांतील आरोपींसाठी आता जिल्हा पातळीवर लोकअभिरक्षक कार्यालये आहेत आणि तिथले वकील खाजगी काम न घेता हेच करतात. चौकशीसाठी १५१०० हा क्रमांक आहे.

काही ठिकाणी वकील लागतोच असेही नाही. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारदार आपल्या राहत्या जिल्ह्यात स्वतः बाजू मांडू शकतो. कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १३ प्रमाणे कौटुंबिक न्यायालयात वकील हा पक्षकाराचा हक्कच नाही, परवानगी घ्यावी लागते. प्रत्यक्षात ती सहसा मिळते. परदेशी राहणारी मराठी माणसे नातेवाइकाला मुखत्यारपत्र देऊन मोकळी होतात. तो कागद महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. शिवाय मुखत्यार सह्या करतो, अर्ज देतो, पण त्याला वकील म्हणून बाजू मांडता येत नाही. वकीलपत्र वेगळेच करावे लागते.

वकीलपत्र हा साधा छापील कागद. त्यावर पक्षकाराची सही, वकिलाचा सनद क्रमांक आणि वेल्फेअर फंडाचे तिकीट. दिवाणी कामात तो दाखल झाल्यावर न्यायालयाच्या परवानगीशिवाय रद्द होत नाही. म्हणून वकील बदलताना आधीच्याची ना हरकत घ्यायची प्रथा आहे. त्याने फीसाठी कागद अडवले तर ते चालत नाही. बाकी फीच्या वसुलीसाठी वकिलाला अशिलाची फाइल रोखून धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये ठरवले आहे. वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगाची वाट मात्र १४ मे २०२४ च्या निकालाने बंद झाली, कारण वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. गैरवर्तनाची तक्रार अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलकडे करायची. एका वर्षात तिचा निकाल न लागल्यास ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होते. शिस्तपालन समिती ताकीद देऊ शकते, सनद निलंबित करू शकते, नावही कमी करू शकते. वकिलाच्या गैरहजेरीत काढून टाकलेला दावा पुन्हा फाइलवर आणणे तिच्या हातात नाही. त्यासाठी ३० दिवसांत त्याच न्यायालयात अर्ज द्यावा लागतो, आणि दिवस उलटले असतील तर सोबत विलंबमाफीचा.