पाण्यांतील ‘दोन’ : रासायनिक हिशेबाची हकीकत

रसायनशास्त्राचा अभ्यास नुकताच आरंभिलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या कांहीं आठवड्यांतच एक समीकरण पाठ करावें लागतें : हायड्रोजनचे दोन रेणु आणि ऑक्सिजनचा एक रेणु मिळून पाण्याचे दोन रेणु होतात. त्यापाठोपाठ गणितें येतात. चार ग्रॅम हायड्रोजन जाळण्यास ऑक्सिजन किती लागेल, आणि पाणी किती तयार होईल? विद्यार्थी त्रैराशिक मांडतो, ३२ ग्रॅम आणि ३६ ग्रॅम हीं उत्तरें काढतो, आणि पुढच्या गणिताकडे वळतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’पासून त्रैराशिक आमच्या अंगवळणीं पडलेलें आहे, तेव्हां या हिशेबांत कोणास नवल वाटूं नये हें स्वाभाविकच होय. परंतु एखादा चौकस विद्यार्थी मध्येंच विचारतो, “पाण्याच्या रेणूंत हायड्रोजनचे परमाणु दोनच कशावरून? एक कां नाहीं?” या प्रश्नास बहुधा “पुस्तकांत तसें दिलें आहे” एवढेंच उत्तर मिळतें. आमच्या मतें त्या वर्गांत विचारला जाणारा याहून चांगला प्रश्न नाहीं. त्याचें सर्वमान्य उत्तर देण्यास युरोपांतील नामांकित रसायनवेत्त्यांना अर्धें शतक लागलें. त्या अर्धशतकाची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे.

हिशेब म्हटला कीं जमा आणि खर्च यांचा मेळ बसला पाहिजे. हा दंडक रसायनशास्त्रांत रूढ करण्याचें श्रेय मुख्यतः लाव्हाझिए याचें. हा गृहस्थ फ्रान्सच्या राजाचे कर वसूल करणाऱ्या मक्तेदारमंडळाचा भागीदार होता, आणि जमाखर्चाची दृष्टि त्यानें प्रयोगशाळेंतही आणली. १७८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत साखर आंबून मद्य होण्याच्या क्रियेचा विचार करतांना त्यानें स्पष्ट सांगितलें कीं, क्रियेच्या आधीं जेवढें द्रव्य असतें तेवढेंच क्रियेनंतर असतें. नवें कांहीं उत्पन्न होत नाहीं, जुनें कांहीं नाहींसें होत नाहीं. ज्या मक्त्याच्या उत्पन्नावर त्याचे प्रयोग चालले, त्याच मक्त्यापायीं राज्यक्रांतीच्या धामधुमींत ८ मे १७९४ रोजीं त्याचा शिरच्छेद झाला.

जमाखर्चाचा मेळ बसला, तरी कोणतें द्रव्य कोणत्या द्रव्याशीं किती प्रमाणांत मिळतें हा प्रश्न उरलाच. तो गणिताच्या पद्धतीनें प्रथम हातीं घेतला यरेमियास रिख्टर या जर्मन रसायनज्ञानें. तत्त्वज्ञ कांट ज्या क्यॉनिग्सबर्ग विद्यापीठांत शिकवीत असे तेथेंच हा शिकला, आणि १७८९ सालीं रसायनशास्त्रांतील गणिताच्या उपयोगावर त्यानें प्रबंध लिहिला. १७९२ पासून बाहेर पडलेल्या त्याच्या ग्रंथांत ‘स्टॉइकिओमेट्री’ हा शब्द पहिल्यानें आला. ग्रीक भाषेंत ‘स्टॉइखेइऑन’ म्हणजे मूलतत्त्व आणि ‘मेट्रॉन’ म्हणजे माप. मूलतत्त्वांचें मापन असा त्याचा सरळ अर्थ. रिख्टरनें एक साधी गोष्ट हेरली होती. आम्लही नव्हेत आणि अल्कलीही नव्हेत असे दोन उदासीन क्षार पाण्यांत विरघळवून एकत्र केले, आणि त्यांच्या घटकांची आपसांत अदलाबदल झाली, तरी मिश्रण उदासीनच राहतें. याचा अर्थ असा कीं, एका आम्लाला पुरे पडणारीं निरनिराळ्या अल्कलींचीं वजनें दुसऱ्या आम्लालाही त्याच परस्पर प्रमाणांत पुरे पडतात. १८०२ सालीं फिशर यानें रिख्टरचे विखुरलेले आंकडे एका कोष्टकांत आणले. त्यांत १००० भाग गंधकाम्लास ७९३ भाग चुना किंवा ८५९ भाग सोडा पुरतो असें दिलें आहे. आणि मिठाच्या आम्लाचा आंकडा ७१२ आहे, म्हणजे तेवढ्या आम्लासही ८५९ भागच सोडा लागतो. मग ७१२ भाग मिठाच्या आम्लास चुना किती लागेल, हें प्रयोग न करतांच सांगतां येतें : ७९३ भाग. रासायनिक भाकिताचा हा पहिला पाठ होय.

रिख्टरचें दुर्दैव असें कीं, त्याची भाषा क्लिष्ट होती, आणि आंकडे श्रेढींत बसविण्याचा त्याला छंद जडला होता. त्याचे ग्रंथ फारसे वाचले गेले नाहींत, आणि १८०७ सालीं तो वारला. पुढें बर्झेलियससारख्या साक्षेपी विद्वानानेंही हा शोध चुकून वेन्त्सेल नांवाच्या दुसऱ्याच रसायनज्ञाकडे दिला. ती चूक हेस यानें १८४० सालीं दाखवून दिली.

दरम्यान संयुगांतील प्रमाण खरोखरच कायम असतें काय, याविषयीं एक मोठा वाद होऊन गेला. स्पेनमध्यें काम करणाऱ्या प्रूस्त या फ्रेंच रसायनज्ञानें १७९९ सालीं दाखविलें कीं, खाणींत सांपडणारें तांब्याचें कार्बोनेट आणि प्रयोगशाळेंत बनविलेलें कार्बोनेट यांत घटकांचें प्रमाण एकच असतें. उलट पक्षाला बर्तोले उभा होता. नेपोलियनबरोबर इजिप्तमध्यें गेला असतां तेथील खाऱ्या सरोवरांच्या कांठीं त्यानें मीठ आणि चुनखडी यांपासून सोडा बनलेला पाहिला. प्रयोगशाळेंत ही क्रिया नेमकी उलट दिशेनें चालते. द्रव्याच्या राशीचा क्रियेवर परिणाम होतो हें त्याचें अनुमान बरोबर होतें. त्यावरून संयुगांतील प्रमाणही बदलत असावें हें अनुमान मात्र टिकलें नाहीं. कांहीं वर्षें चाललेला हा वाद उभयतांनीं सभ्यपणानें चालविला, आणि जय प्रूस्तचा झाला. बर्तोलेचाही पक्ष अगदींच निराधार नव्हता. लोखंडाच्या एका ऑक्साइडांत लोहाचे परमाणु ऑक्सिजनच्या परमाणूंहून नेहमीं थोडे कमी भरतात, हें विसाव्या शतकांत सिद्ध झालें, आणि अशा संयुगांना त्याच्याच नांवावरून नांव मिळालें.

प्रमाण कायम कां असावें, याचें कारण डाल्टननें दिलें. विणकराचा हा मुलगा मँचेस्टरमध्यें शिकवण्या करून राहत असे. १८०८ सालीं निघालेल्या ग्रंथांत त्यानें असें मांडलें कीं, प्रत्येक मूलद्रव्याचे परमाणु सारख्या वजनाचे असतात, आणि संयुगांत ते पूर्णांकांतच एकत्र येतात. परंतु किती परमाणु किती परमाणूंशीं मिळतात हें ठरवावयाचें कसें? डाल्टनपाशीं एकच तोडगा होता : दोन मूलद्रव्यांचें एकच संयुग माहीत असेल, तर त्यांत प्रत्येकाचा एकेक परमाणु मानावा. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचें पाण्याखेरीज दुसरें संयुग त्या वेळीं माहीत नव्हतें. म्हणून पाण्यांत दोहोंचा एकेक परमाणु, असा निर्णय त्यानें दिला.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. आजच्या मापनाप्रमाणें पाण्यांत एक भाग हायड्रोजनला वजनानें आठ भाग ऑक्सिजन असतो. डाल्टनचें सूत्र खरें मानलें तर ऑक्सिजनचा परमाणु हायड्रोजनच्या आठपट जड ठरतो. हायड्रोजनचे परमाणु दोन मानले तर सोळापट. आतां आरंभींचें गणित डाल्टनच्या सूत्रानें करून पाहावें. चार ग्रॅम हायड्रोजनला आठपट, म्हणजे ३२ ग्रॅम ऑक्सिजन. पाणी ३६ ग्रॅम. उत्तर तेंच! सूत्र चुकलें, परमाणुभार चुकला, तरी वजनाचा हिशेब तंतोतंत जुळतो, कारण दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात. तराजू कितीही नाजूक असला तरी ही चूक तो कधींच उघडकीस आणणार नाहीं. चूक ज्या प्रयोगानें पकडली जाईल, तो प्रयोग तराजूबाहेरचाच असावा लागतो.

तसा प्रयोग फार दूर नव्हता. १८०८ च्या अखेरीस गे-ल्युसॅक यानें दाखवून दिलें कीं, वायु एकमेकांशीं घनफळाच्या अगदीं साध्या प्रमाणांत मिळतात. दोन मापें हायड्रोजन आणि एक माप ऑक्सिजन यांपासून दोन मापें वाफ होते. सारख्या मापांत सारखेच कण मानावे, तर ऑक्सिजनच्या एका कणापासून वाफेचे दोन कण झाले, म्हणजे ऑक्सिजनच्या कणाचे दोन तुकडे झाले! परमाणु तर अविभाज्य. म्हणून डाल्टननें गे-ल्युसॅकचे आंकडेच नाकारले. यांतून वाट काढली ती इटलींत व्हेर्चेल्ली येथें शिकविणाऱ्या, मूळच्या कायदेपंडित आव्होगाड्रोनें. १८११ सालीं त्यानें सुचविलें कीं, वायूंच्या सारख्या मापांत सारखेच कण असतात. मात्र ऑक्सिजनचा वा हायड्रोजनचा कण म्हणजे एक परमाणु नव्हे, तर दोन परमाणूंचा रेणु. तुटतो तो रेणु, परमाणु नव्हे. सर्व कोडें एका वाक्यांत सुटलें.

परंतु हें वाक्य कोणी मनावर घेतलें नाहीं. डाल्टनच्या मतें एकाच जातीचे परमाणु एकमेकांना दूर लोटतात. बर्झेलियसनें पाण्यांत हायड्रोजनचे दोन परमाणु मानले खरे, परंतु संयोग हा विरुद्ध विद्युतांच्या आकर्षणानें होतो अशी त्याची उपपत्ति होती. सारख्या विद्युतेचे दोन परमाणु जोडीनें कसे राहतील? पुढें पारा, गंधक, फॉस्फरस यांच्या वाफांचीं वजनें घेतलीं तेव्हां आणखीच घोंटाळा माजला, कारण त्यांच्या रेणूंतील परमाणूंची संख्या दोन नाहींच. परिणाम असा झाला कीं, कोणी कर्बाचा परमाणु ६ आणि ऑक्सिजनचा ८ धरून सूत्रें लिही, तर कोणी १२ आणि १६ धरून. अ‍ॅसेटिक आम्ल म्हणजे आमच्या घरांतील शिरक्याचें आम्ल. १८६१ सालच्या आपल्या पाठ्यपुस्तकांत केकुले यानें त्याकरितां सुचविलेलीं तब्बल १९ सूत्रें एका पानावर मांडून दाखविलीं.

या अराजकाला कंटाळून ३ सप्टेंबर १८६० रोजीं जर्मनींतील कार्ल्सरूह येथें शंभराहून अधिक रसायनज्ञ जमले. तीन दिवस चर्चा झाली. शास्त्राचे प्रश्न बहुमतानें सुटत नाहींत एवढेंच निष्पन्न झालें. तथापि सभा संपतांना एक लहान पुस्तिका वांटण्यांत आली. ती होती कॅनिझारो याची. सिसिलींतील १८४८ च्या बंडांत भाग घेऊन परागंदा झालेला हा गृहस्थ पुढें जेनोआ येथें अध्यापक झाला, आणि आपण वर्गांत रसायनशास्त्र कसें शिकवितों, एवढेंच त्यानें १८५८ सालीं या पुस्तिकेंत लिहिलें होतें. त्याची युक्ति आव्होगाड्रोचीच होती. हायड्रोजनचा रेणु २ मानून वायूंच्या तौलनिक वजनांवरून इतर रेणूंचे भार काढावे, आणि प्रत्येक रेणूंत विवक्षित मूलद्रव्य किती आहे तें पाहावें. कार्बन मोनॉक्साइडचा रेणु २८, त्यांत कर्ब १२. कार्बन डायॉक्साइड ४४, त्यांत कर्ब १२. मिथेन १६, त्यांत १२. इथिलीन २८, त्यांत २४. बेन्झीन ७८, त्यांत ७२. बाराहून कमी कर्ब कोठेंच नाहीं, आणि जेथें अधिक आहे तेथें तो बाराच्याच पटींत. मग कर्बाचा परमाणु बारा, यांत संशय कसला? परत जातांना लोथार मायर यानें ती पुस्तिका वाचली, आणि डोळ्यांवरची झांपड उतरल्यासारखें वाटलें असें पुढें लिहून ठेवलें. त्या सभेस मेंडेलीएफही हजर होता. १८६९ सालीं त्यानें जें मूलद्रव्यांचें कोष्टक रचलें, तें याच परमाणुभारांच्या पायावर. आव्होगाड्रो मात्र १८५६ सालींच निवर्तला होता. १९०९ सालीं पेरँ यानें त्याचें नांव एका संख्येला दिलें, आणि २०१९ सालीं आंतरराष्ट्रीय मापनपद्धतींत ती कायमची ठरविण्यांत आली : एका मोलांत ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके कण.

आज विद्यार्थ्याला समीकरणांतील सहगुणक जुळविण्याची रीत एका तासांत शिकवितां येते, आणि ती शिकवावीच. परंतु आमची शिक्षकवर्गास विनंती आहे कीं, एक तास कॅनिझारोच्या त्या पांच संयुगांना द्यावा. आंकडे फळ्यावर लिहावे, आणि बारा ही संख्या विद्यार्थ्यांनाच शोधूं द्यावी. उत्तर बरोबर आलें म्हणजे त्यामागची कल्पनाही बरोबर आहे असें होत नाहीं. डाल्टनच्या चुकीच्या सूत्रानेंही गणितें अचूक सुटत होतीं. ज्या मुलानें “दोनच कशावरून?” असें विचारलें, त्याला हें ज्ञान गणिताच्या उत्तराहून अधिक उपयोगीं पडेल, आणि पुस्तकांत तसें दिलें आहे म्हणून गप्प बसणाऱ्या मुलाला तर त्याची गरज अधिकच आहे.