घासण्याची संवय आणि जपण्याची विद्या

कोल्हापूरच्या पूर्वेस उचगांव म्हणून गांव आहे. शहर वाढत वाढत त्याच्या वेशीशीं आल्यामुळें त्याचें गांवपण आतां थोडेंच उरलें आहे. तरी इतर गांवांप्रमाणें तेथेंहि सणाच्या आदल्या दिवशीं देव्हाऱ्यांतील पितळी देव, समया व तांब्याचे कलश ओसरीवर येतात आणि चिंच व राख लावून घासले जातात. धातु लख्ख झाला म्हणजे वडीलधाऱ्या मंडळींस समाधान वाटतें. आमचें बालपणहि याच संस्कारांत गेलें. म्हणूनच जुनी वस्तु जपणें म्हणजे ती घासणें नव्हे, ही गोष्ट आम्हांस फार उशीरा उमगली. ती समजावून देणारी एक स्वतंत्र विद्या आहे, आणि ती शिकविण्यांत व तिचें संशोधन करण्यांत आयुष्य वेंचणारे अध्यापकहि आहेत. त्यांच्या कार्याविषयीं आज चार शब्द लिहावेसे वाटतात.

उचगांवाहून शहर ओलांडून पश्चिमेस गेलें कीं पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरीची टेकडी लागते. १९४५-४६ मध्यें पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया व डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनीं तेथें उत्खनन केलें. त्याचा वृत्तांत १९५२ सालीं प्रसिद्ध झाला. या टेकडीनें ज्या कांस्यवस्तु दिल्या त्यांत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची एक मूर्ति आहे. ती कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील संग्रहालयांत पाहावयास मिळते. तिची उंची वीतभरहि नाहीं; पण सातवाहनांच्या काळीं रोमन जगाशीं आपल्या मुलखाचा व्यापार चालत होता, याची इतकी बोलकी साक्ष क्वचितच सांपडेल.

अशी एखादी मूर्ति संग्रहालयाऐवजीं आपल्या ओसरीवर आली असती तर? चिंचेच्या आंबटानें तिचा हिरवट थर तासाभरांत गेला असता, आणि त्याच्याबरोबर पृष्ठभागावरील बारीक कोरीव रेषा, मातीचे कण, क्वचित् एखाद्या वस्त्राचा उमटलेला ठसा, हेंहि गेलें असतें. उलट, वस्तूस मुळींच हात न लावतां कपाटांत ठेवली तरी ती सुरक्षित राहतेच असें नाहीं. जमिनींतील क्षार धातूंत मुरलेले असतात. पावसाळ्यांतील दमट हवा लागली कीं ते जागे होतात, फिकट हिरवी भुकटी सुटूं लागते आणि कांसें आंतून पोखरत जातें. कोणता थर राखावयाचा आणि कोणता रोग थांबवावयाचा, हा विवेक नुसत्या डोळ्यांनीं होत नाहीं. त्यास रसायनशास्त्र लागतें.

बर्लिनच्या राजकीय संग्रहालयांनीं १८८८ मध्यें फ्रीड्रिख राट्गेन या रसायनज्ञाची नेमणूक केली, तेव्हां संग्रहालयांत प्रयोगशाळा आली. आपल्याकडे मद्रासच्या सरकारी संग्रहालयांत १९३० सालीं अशी प्रयोगशाळा निघाली. तेथें डॉ. एस्. परमशिवन् यांनीं विजेच्या साहाय्यानें कांस्यमूर्ति निरोगी करण्याचे प्रयोग केले आणि दक्षिणेंतील भित्तिचित्रांच्या रंगांचा व गिलाव्याचा अभ्यास केला. विजेच्या उपायानें रोग जात असे, पण पुष्कळदां जुना थरहि जात असे. म्हणून पुढील पिढीनें तो उपाय फार जपून वापरावा असें ठरविलें. यांत आधींच्या संशोधकाची अप्रतिष्ठा नाहीं. आपली कृति लिहून ठेवल्यामुळेंच पुढच्यास ती सुधारतां आली, हीच संशोधनाची थोरवी होय.

या विद्येंत चूक किती महाग पडते हें अजिंठ्यानें दाखविलें आहे. १९२० च्या सुमारास निजाम सरकारनें लोरेंझो चेक्कोनी या इटालियन तज्ज्ञास तेथें बोलाविलें. सुटूं लागलेला गिलावा त्यांनीं बसविला, ही मोठी सेवा झाली. परंतु चित्रांवर दिलेलें लाखेचें रोगण कालांतरानें पिवळें पडलें आणि मूळ रंग झांकोळून गेले. तें हलक्या हातानें उतरविण्याचें काम पुढें पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांस करावें लागलें. हेतु शुद्ध, हात कुशल, आणि तरीहि हा परिणाम! म्हणून आज विद्यार्थ्यास शिकवितात कीं, आधीं नोंद करावी, मग कमींत कमी हात लावावा, आणि जें लावावें तें उद्यां काढतां येण्याजोगें असावें.

लखनौ येथें १९७६ मध्यें डॉ. ओ. पी. अग्रवाल यांच्या पुढाकारानें राष्ट्रीय संशोधनशाळा स्थापन झाली. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालय संस्थेंत १९८९ पासून या विषयाच्या पदव्या मिळूं लागल्या. तथापि या अध्यापकांच्या वांट्यास कीर्ति फारशी येत नाहीं. इतिहासकाराचा ग्रंथ दिसतो, उत्खनन करणाराची खाच दिसते. पण यांचें यश म्हणजे वस्तु होती तशी राहणें. न घडलेल्या नाशाचा सत्कार कोण करणार?

आणि वस्तु जेव्हां पूजेंतील देवता असते, तेव्हां प्रश्न अधिक नाजूक होतो. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर पुरातत्त्व खात्यानें २०१५ सालीं संवर्धनाचें काम केलें, तेव्हां रसायनज्ञास धातूपाषाणाइतकाच भाविकांच्या भावनेचाहि विचार करावा लागला. घरचे रोजचे देव खुशाल घासावे. ती त्यांची सेवाच आहे. मात्र शेतांत नांगराला एखादें नाणें वा ताम्रपट लागला, तर तो चिंचेच्या कोळांत बुडविण्याआधीं क्षणभर थांबावें. १८७८ च्या कायद्यानें असा निधि सरकारास कळविणें प्राप्तच आहे. पण कायद्याहूनहि मोठी गोष्ट ही कीं, त्यावरची माती हा कदाचित् त्याचा शेवटचा साक्षीदार असेल.