ऑक्टोबरची वारी : नापासांच्या दुसऱ्या संधीचा इतिहास

'ऑक्टोबरची वारी' हा शब्दप्रयोग मराठी घरांत अनेक वर्षे रूढ होता. मार्चच्या शालान्त परीक्षेत एखाददुसरा विषय 'राहिला', म्हणजे त्यात उत्तीर्ण होण्यापुरते गुण पडले नाहीत, की विद्यार्थ्याला ऑक्टोबरमध्ये पुन्हा बसावे लागे आणि तेथेही तो अडला तर मार्च-ऑक्टोबर अशा वाऱ्या चालूच राहत. नापासाला दुसरी संधी मिळावी हे तत्त्व या व्यवस्थेने मान्य केले होते. परंतु ती संधी हाती येईपर्यंत त्याच्या घराने तग कसा धरावा, याचा विचार तीत फारसा नव्हता.

या परीक्षेची पूर्वज म्हणजे मॅट्रिक. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने १८५९ पासून ही प्रवेशपरीक्षा घेतली, पण पुढे नोकरीचे दारही तिच्यातूनच उघडू लागल्याने 'मॅट्रिक पास' आणि 'मॅट्रिक नापास' ही माणसाची ओळखच होऊन बसली. गुणांच्या आकड्यांत घरची परिस्थिती मात्र उमटत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ मध्ये मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले, म्हणजे शेकडा ३८ सुद्धा नाहीत. परळच्या चाळीतील ज्या एका खोलीत हा अभ्यास झाला, तेथेच चूल होती, जाते होते, जवळच शेळी बांधलेली असे आणि उजेड होता तो काच नसलेल्या मिणमिणत्या दिव्याचा. बापलेकांना एकाच वेळी आडवे होण्याइतकी जागा नसल्याने रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागत आणि मग मुलाला अभ्यासाला उठवून स्वतः निजत. पुस्तकासाठी पैसा नसला, तर ते लग्न झालेल्या लेकींकडून दागिना मागून आणून गहाण टाकीत आणि निवृत्तिवेतन हाती पडले की सोडवीत. संस्कृत शिकण्याची मुलाची इच्छा होती, पण अस्पृश्यतेने ती वाट बंद केल्यामुळे त्याला पर्शियन घ्यावी लागली. हे सारे ध्यानात घेतल्यावाचून २८२ या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही. पुढे शिक्षक-लेखक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला, दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१३ मध्ये हाच विद्यार्थी कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला.

केळुसकर प्रत्येकाच्या वाट्याला येत नाहीत, म्हणूनच रात्रशाळांचे मोल मोठे आहे. दिवसा राबणाऱ्यांसाठी रात्री भरणारी शाळा जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात चालवली होती, मुंबईत ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारवस्तीत हे काम नेले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि घरोघरचा पगार थांबला, तेव्हा गिरणगावातील कित्येक मुलांना शाळा सोडून मिळेल ते काम धरावे लागले. अशा मुलांना पुन्हा दहावीकडे वळायचे तर रात्रशाळा किंवा 'सतरा नंबरचा फॉर्म', म्हणजे शाळेत न जाता खासगी उमेदवार म्हणून परीक्षेला बसण्याचा अर्ज, एवढ्याच वाटा होत्या.

या वाटांवरची खरी अडचण अभ्यासाची नव्हती, काळाची होती. मार्चमध्ये अडलेला मुलगा ऑक्टोबरमध्ये सुटला, तरी अकरावीत पाऊल ठेवायला पुढचा जून उजाडे, आणि ज्या घरात बाप आजारी वा बेकार आहे त्या घरात एवढा काळ मोकळा असलेला मुलगा कामाला लागला की परतणे अवघड होई. एक-दोन विषय राहिलेल्यांना अकरावीत तात्पुरता प्रवेश देणाऱ्या 'एटीकेटी'च्या सवलतीने ही कोंडी काहीशी फोडली. २०१५ मध्ये दहावीची फेरपरीक्षा जुलैत घेण्यास आरंभ झाला आणि नापास विद्यार्थ्याला त्याच वर्षी अकरावीत बसता येऊ लागले. नापासांसाठी झालेल्या सुधारणांत ही सर्वांत मोलाची होय.